एका सहलीचे लेखापरीक्षण

मी समीक्षक नव्हे. बी. कॉम. झालेल्या माणसानं समीक्षक होऊ नये असा काही कायदा नाही, पण आमच्या अभ्यासक्रमात रसांवर एकही धडा नव्हता, एवढं मात्र खरं. आम्हाला घसारा होता, वटाव होता, बुडीत कर्जाची तरतूद होती. साहित्य म्हणावं असं एकच वाक्य आम्ही पाठ केलं होतं आणि ते अजून पाठ आहे : 'घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा.' या एका वाक्यावर बँकेतली माझी वीस-बावीस वर्षं निघाली, आणि उरलेलीही निघतील असा रंग आहे.

पण गेल्या हिवाळ्यात माझ्या हाती एक वाङ्मयीन कृती आली. चार पानं, गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. कर्ता अज्ञात. प्रकाशक पुण्यातली एक सहल-कंपनी, तिचं नाव सांगत नाही. शीर्षक : 'राजेशाही वऱ्हाड : किल्ले, वाडे आणि अस्सल आदरातिथ्य. खास तुमच्यासाठी, तुमच्या मनाप्रमाणे!' ही कृती घेऊन आमचे साडू सहकुटुंब, आणखी एका मित्राच्या जोडप्यासह, भाड्याच्या मोठ्या गाडीतून बुलढाणा जिल्ह्यात अवतीर्ण झाले. दोन रात्री, तीन दिवस. त्या कृतीचं हे परीक्षण आहे. ग्रंथपरीक्षण मला जमत नाही, लेखापरीक्षण जमतं. वाचकांनी तेच गोड मानून घ्यावं.

प्रथम शैली. शैलीवर विशेषणांचा बोजा आहे. 'भव्य', 'अस्सल' आणि 'अविस्मरणीय' ही तीन विशेषणं चार पानांत इतक्या वेळा येतात की आमच्या कॅश-काउंटरवर असतो तर मी गड्डी बाजूला काढून नोटा खऱ्या आहेत का ते पाहिलं असतं. 'भव्य किल्ला', 'भव्य वाडा' इथपर्यंत ठीक. पण 'भव्य न्याहरी' म्हणजे काय? प्रत्यक्षात ती पोह्यांची निघाली.

मग आशय. इथं लेखकाची पहिली मोठी चूक सापडते, आणि ती 'किल्ला' या शब्दाची आहे. पुण्याच्या माणसाला किल्ला म्हटलं की सिंहगड दिसतो. चढ, दम, बुरूज आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी. त्या हिशेबानं आमचा जिल्हा गरीबच. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत अकरा महाराष्ट्रातले, आणि बारावा थेट तामिळनाडूतला जिंजी. जिंजीपर्यंत यादी गेली, बुलढाण्यापर्यंत आली नाही. यात युनेस्कोची काही चूक नाही. आमच्याकडे डोंगर नाहीत असं नाही, उत्तरेला सातपुडा आहे आणि त्यात मैलगड नावाचा एक किल्लाही आहे. पण जिल्ह्याचे खरे भाग दोनच : घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावरचा माणूस घाटाखालच्याला 'तुमच्याकडं लय ऊन' म्हणतो, घाटाखालचा घाटावरच्याला 'तुमच्याकडं आहे काय?' म्हणतो, आणि लग्नं मात्र दोघं एकमेकांत करतात. आमच्याकडे आहेत ते वाडे, कोट, बारवा, तळी आणि गावोगावच्या गढ्या. त्या बघायला चढावं लागत नाही, थांबावं लागतं. आणि या कागदाला नेमकं तेच मान्य नव्हतं.

कागद म्हणतो : 'सिंदखेडराजा : ४५ मिनिटे.'

आता पंचेचाळीस मिनिटांत आमच्या शाखेत एक डिमांड ड्राफ्ट निघतो. तोही सर्व्हर चालू असेल तर. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांचा राजवाडा आहे. इथं १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला असं आपण मानतो आणि दर बारा जानेवारीला इथं माणसांचा समुद्र लोटतो. शिवाय गावात रंगमहाल आहे, काळा कोट आहे, सावकारवाडा आहे, मोती तलाव आणि चांदणी तलाव आहेत, पुतळा बारव आहे, निळकंठेश्वर आणि रामेश्वर आहेत. भागिले पंचेचाळीस मिनिटं. बारवेच्या वाट्याला पाच मिनिटं येतात आणि त्यांतली दोन साडूंच्या मित्राला मोबाईल उभा धरावा की आडवा हे ठरवण्यात गेली.

काळ्या कोटाच्या भिंतीपाशी साडू थबकले. त्या भिंती बघून थबकावंच लागतं. तशी जाडी नुसती सांगून पटत नाही. थोडा वेळ वर बघून साडू म्हणाले, "पण आत काय आहे?"

म्हटलं, "आत काही नाही. बांधकाम पुरं झालंच नाही म्हणतात."

"म्हणजे अर्धवट?" साडूंच्या चेहऱ्यावर पुण्यात फ्लॅट बुक केलेल्या माणसाची जुनी वेदना उमटली. "ताबा कधी?"

त्यांनी विनोद केला होता, मीही हसलो. पण परीक्षकाच्या नात्यानं नोंद करणं भाग आहे की या वाड्याचा धनी १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यावर, निजामशाही दरबारात, मुलांसह दग्यानं मारला गेला. मुजऱ्याला गेलेली माणसं परत आलीच नाहीत. एका दिवसात घरातले कर्ते पुरुष गेल्यावर घराचं काय होतं हे कळायला इतिहासाचं पुस्तक लागत नाही. आमच्या कर्जखात्यांत असली घरं दर वर्षी दोन-तीन निघतात. काळ्या कोटाचं काम नेमकं कशानं राहिलं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण त्या भिंतीसमोर उभं राहिलं की माझ्या मनात तरी हेच येतं. कागदात या गोष्टीला एक ओळ आहे : 'रोमांचक इतिहास.'

गावातच लखुजीरावांची समाधी आहे, मोठी, घुमटाची. २०२४ साली पुरातत्त्व खात्याचं पथक तिथं डागडुजीच्या कामावर होतं. काम करता करता खाली दगड दिसले म्हणून खणलं, तर मंदिराचा सभामंडप लागला, आणि सुमारे सव्वादोन मीटर खोल शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. पावणेदोन मीटरच्या आसपास लांब, लक्ष्मी पाय चेपते आहे, खाली समुद्रमंथन कोरलेलं. शेकडो वर्षं देव खाली निवांत पहुडलेला, आणि वरून पिढ्यान् पिढ्या आमच्यासारखे येऊन 'इथं काही विशेष नाही' म्हणून निघून गेलेले. ज्या जागेच्या पायाखाली काय आहे हे तिथल्या माणसांनासुद्धा २०२४ पर्यंत ठाऊक नव्हतं, तिचा उरक पंचेचाळीस मिनिटांत पाडणाऱ्या लेखकाला मी 'धाडसी' यापलीकडे काही म्हणत नाही.

तिथून साखरखेर्डा. हे गाव कागदात नव्हतंच. वाट वाकडी करून मी माझ्या अधिकारात घुसवलं. १७२४ साली इथं निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली, मुबारिजखान पडला आणि दख्खनेत निजामाचं राज्य उभं राहिलं. पुढं १९४८ पर्यंत चाललेल्या हैदराबादच्या संस्थानाचा पाया आमच्या एका खेर्ड्यात घातला गेला. निजामानं विजयाप्रीत्यर्थ गावाचं नाव फत्तेखेर्डा केलं. गावानं ते सव्याज परत करून आपलं साखरखेर्डाच ठेवलं. हे सगळं मी गाडीत मागं वळून, तळमळीनं सांगितलं. मेहुणीबाई म्हणाल्या, "साखर म्हणजे इथं काही गोड मिळतं का?"

लोणारला 'अर्धा तास, छायाचित्रांसाठी'. पावणेदोन किलोमीटरांहून रुंद खड्डा, आकाशातून आलेल्या दगडानं काळ्या पत्थरात पाडलेला. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची दखल घेतली म्हणून जगाला कळला. आमच्या लोकांना त्याआधीही माहीत होता, पण त्यांनी भोवती देवळं बांधली, अहवाल लिहिला नाही. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं. साडूंनी काठावरून पाहिलं आणि विचारलं, "आज गुलाबी नाही?" जणू ते आठवड्यातून ठरावीक वारी असतं आणि मी त्यांना चुकीच्या वारी आणलं होतं.

इथवरचे दोष मी माफ केले असते. प्रवासवर्णनात एवढं चालतंच. पण दुसऱ्या दिवसाच्या दुपारी एक ओळ होती, आणि माझं खरं भांडण तिच्याशी आहे. ती ओळ अशी : 'गावातील कुटुंबासोबत अस्सल वऱ्हाडी भोजन व आदरातिथ्य (समाविष्ट).'

हे कंसातलं 'समाविष्ट' मोठं कपटी आहे. मला वाटलं, कंपनीनं कुठल्या घरी सांगून ठेवलं असेल, पैसे दिले असतील. चौकशी केली तेव्हा कळलं की सहल 'तुमच्या मनाप्रमाणे' असल्यामुळे साडूंनी आपल्या मनाप्रमाणे त्या जेवणाचे पैसे वजा करून घेतले होते. कंपनीला त्यांनी सांगितलं, "तिथं आमचे नातेवाईक आहेत." कंपनीनं रक्कम वजा केली, ओळ तशीच ठेवली. आणि नातेवाईक म्हणजे माझी आत्या. साडूंची ती कोण? माझ्या बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याची ती, बायकोच्या नवऱ्याची आत्या. या नात्याला मराठीत शब्द नाही, पण जेवण आहे.

आत्याचं गाव सिंदखेडराजाच्या बाजूलाच. वय पंच्याहत्तरीच्या पुढं. मी फोनवर म्हटलं, "आत्या, दहा माणसं येतील, साधंच कर काहीतरी."

ती म्हणाली, "दहाच? बरं बाप्पा."

'साधंच' म्हणजे असं निघालं : आदल्या संध्याकाळी शेजारच्या दोघी येऊन रोडग्यांचं पीठ मळायचं ठरवून गेल्या. पहाटे अंगणात गोवऱ्यांचा आर पेटला. त्यात रोडगे. रोडगा भाजताना बाई हलू शकत नाही. उलटवत, राख झटकत बसावं लागतं आणि धूर नेमका तिच्याच डोळ्यात येतो. वांग्याची भाजी, वरण, मिरचीचा ठेचा, गूळ, ताक. रोडगा फोडून त्यावर तूप. ते तूप घरचं नव्हतं. घरची म्हैस दिवाळीतच विकली होती. तूप कुठून आलं ते मी विचारलं नाही. दुकानदाराच्या वहीत उधारी असते ती दिसते, शेजारणीच्या डब्यातली दिसत नाही.

पाहुणे खूष. साडूंनी चार रोडगे खाल्ले आणि पाचव्याला 'नको नको' म्हणत ताट पुढं केलं. मग त्यांनी आत्याला विचारलं, "आजी, तुमच्या गावात किल्ला आहे म्हणे?"

आत्यानं हातातल्या उलथन्यानंच मागं दाखवलं. "हा काय."

मागं गढी होती. म्हणजे गढीचा ढिगारा. माझ्या लहानपणी तिला दोन बुरूज होते आणि आम्हा पोरांना वर जायची बंदी होती, त्यामुळे आम्ही रोज जायचो. आता एक बुरूज पावसानं बसला आणि दुसरा अर्धा उभा आहे. बाकीची गढी कुठं गेली असं मुलांनी विचारलं. मी त्यांना गावातल्या घरांच्या वर पाहायला सांगितलं. धाब्याच्या घरांवर दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकावी लागते, नाही तर गळतं. गढीची माती पांढरी, चिवट आणि फुकट. पन्नास-साठ पावसाळे गावानं ती टोपल्या-टोपल्यांनी वाहिली. इतिहास धाब्यावर बसवणं हा वाक्प्रचार आपण शहरात नुसता वापरतो. आमच्या गावानं ते काम अक्षरशः केलं. आणि मला खरं सांगायचं तर त्यांचा फार राग येत नाही. ज्या गढीनं कधी काळी गावाला पेंढाऱ्यांपासून राखलं असेल, तिनं शेवटी पावसापासून राखलं.

साडूंना हे काही पटलं नाही. "अहो, राजस्थानात बघा! उदयपूरच्या तळ्यातल्या महालाचं त्यांनी १९६३ सालीच हॉटेल केलं!" साडूंचा मित्र जग फिरलेला. तो म्हणाला, स्पेनमध्ये १९२८ पासून सरकारी हॉटेलांची साखळी आहे, त्यांतली कितीतरी जुन्या किल्ल्यांत आणि मठांत आहेत. मग २०१९ च्या सप्टेंबरात आपल्याकडे काही किल्ले हॉटेलांना भाडेपट्ट्यानं द्यायची बातमी आली तेव्हा काय गहजब झाला होता, आणि शिवरायांच्या इतिहासाशी जोडलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही असा खुलासा सरकारला कसा करावा लागला होता, यावर दोघांचा वाद जुंपला. वाद रोडग्यांवर चालला होता. आत्या मध्ये मध्ये तूप वाढत होती. दोन्ही पक्षांना सारखं.

निघताना आत्यानं मेहुणीबाईंची आणि त्या मैत्रिणीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. साडूंच्या दोन्ही पोरांच्या हातावर शंभर-शंभराची नोट ठेवली. पोरांनी इंग्रजीत आभार मानले. साडूंनी वाकून नमस्कार केला, तो मनापासून केला, ते मी नाकारणार नाही. आणि गाडीत बसले. आत्याच्या हातात काही पडलं का? नाही. पेढ्यांचा पुडासुद्धा नाही. का? तर समाविष्ट!

पुण्याला पोचल्यावर साडूंनी कंपनीला अभिप्राय दिला, आणि वाचायला मला मोबाईलवर पाठवला. राजवाडा : पाचपैकी तीन. लोणार : साडेतीन. 'अस्सल आदरातिथ्य : पाचपैकी चार.' पुढं कारण दिलं होतं : 'जेवण उत्तम. तथापि वीज नव्हती व प्रसाधनगृह अंतरावर होते.'

माझं टाळकं सरकलं. ज्या घरात पंच्याहत्तरीची बाई पहाटेपासून आरापुढं बसली, त्या घराला गुण? आणि तेही पैकी? वाचकहो, माझं म्हणणं अगदी साधं आहे. पाहुणचार विकू नये असं मी म्हणत नाही. उघड विकावा. महाराष्ट्रात २०२० पासून कृषी पर्यटनाचं धोरण आहे. शेतकऱ्यानं खोली काढावी, दर लिहावा, पाटी लावावी, पाहुण्यानं पैसे मोजावे आणि मग वीज नव्हती म्हणून खुशाल एक गुण कापावा. तो त्याचा हक्क आहे. किंवा मग पाहुणा म्हणून जावं. पण पाहुण्याला जुने नियम आहेत. रिकाम्या हातानं जायचं नाही, वाढलेलं नावं न ठेवता खायचं, आणि कधी ना कधी त्यांना आपल्या घरी बोलवायचं. गिऱ्हाईक व्हायचं तर पैसे द्या, पाहुणा व्हायचं तर वेळ द्या. दोन्ही वाचवून मधल्या कंसात बसायचं, याला आमच्या खात्यात 'बेहिशेबी' म्हणतात.

हे सगळं तावातावानं आत्याला ऐकवायला मी पुढच्या शनिवारी मुद्दाम गेलो. अभिप्राय वाचून दाखवला. तिनं नीट ऐकून घेतलं.

"पाचातले चार म्हणजे पासच ना रे?"

"अगं, पास काय? पहिला वर्ग आहे!"

"मंग एक काऊन कापला? मीठ कमी झालं व्हतं का?"

मला पुढं बोलताच येईना. वीज आणि 'अंतरावर' मी गाळलं. म्हटलं, "मीठ बरोबर होतं आत्या." आणि खिशातून पाकीट काढलं. दोन हजार रुपये आणले होते. पाकीट पाहून तिचा चेहरा असा काही झाला की मी ते परत ठेवलं. वाढलेल्या ताटावरून उठल्यासारखं वाटलं.

"पैशाचं काढू नको," ती म्हणाली. "त्यायचं खातं उघडलं हाये मी." आणि नातवाला हाक मारून तिनं कपाटातून वही आणायला सांगितली.

आहेराची वही. लाल कापडी बांधणीची, जुनी. मामांच्या म्हणजे तिच्या यजमानांच्या हातचं मोडी वळणाचं बाळबोध अक्षर, मग मुलाचं, आता नातवाचं बॉलपेननं. कुणाकडून काय आलं, कुणाला काय गेलं. लग्नं, बारशी, वास्तू. आम्ही बँकेत दुहेरी नोंद शिकलो ती कॉलेजात; या घरात ती चुलीपाशी होती. शेवटच्या पानावर साडूंच्या नावे ताजी नोंद होती : 'जेवण दहा पानं. ओट्या दोन. पोरं दोन, रु. २००.' दहा पानांत मी, सौ., आमची मुलगी आणि गाडीचा ड्रायव्हरसुद्धा साडूंच्या नावे पडले होते, पण मी दुरुस्ती सुचवली नाही.

"आता मले मोतीबिंदूचं दाखवाले पुण्याले जावं लागन," आत्या म्हणाली. "तवा उतरीन त्यायच्याकडं. पाहू, पाचातले किती पडतात."

मला इतका आनंद झाला की मी तिथूनच साडूंना फोन लावला. साडू दोन क्षण गप्प. मग म्हणाले, "येऊ द्या की! अवश्य. फक्त... किती दिवस?" आणि मग, "आधी कळवा म्हणजे झालं. मुलांच्या परीक्षा असतात." समीक्षक म्हणून मला याहून चांगला समारोप मिळाला नसता. मी फोन ठेवला, विजयानं वही मिटायला घेतली, आणि मिटता मिटता बोट एका पानावर अडलं.

वर माझ्या वडिलांचं नाव होतं. खाली मामांच्या अक्षरात : दिवाळी, लुगडं एक. दिवाळी, लुगडं एक, पोरांना कापड. दिवाळी, पातळ एक. एका दुष्काळाच्या वर्षी नुसतंच, 'भाऊ येऊन गेला.' ओळीनं तीसेक दिवाळ्या. शेवटची वडील गेले त्याच्या आधीची. त्याला आता अकरा वर्षं झाली. त्याखाली पान कोरं.

दुसरी बाजूही कोरी होती. तिनं आम्हाला धाडलेली तूर डाळ, दर हिवाळ्यात दहा किलो, माझ्या मुलीचे चांदीचे वाळे, आईच्या आजारपणात येऊन राहिली ते दोन महिने, काही नाही. मी विचारलं तर म्हणाली, "माहेरी धाडलेलं लिहित नसतेत."

माझ्या टेबलावर नियम स्पष्ट आहेत. दोन वर्षं ग्राहकानं व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय. दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा. हे मी रोज कुणाला ना कुणाला काउंटरवरून समजावून सांगतो, जरा आवाज चढवूनच सांगतो. आत्याकडे मी वर्षातून दोनदा जातो, जेवतो, पोटभर तूप खातो, तुझ्या हातच्या रोडग्याला तोड नाही म्हणतो आणि डाळ घेऊन येतो. मी अभिप्राय लिहित नाही एवढाच साडूंत आणि माझ्यात फरक. आणि साडू तर पहिल्यांदाच आले होते.

मी विचारलं, "आत्या, हे खातं..."

"बंद नाही केलं रे बाबू," ती म्हणाली. "पान राखून ठेवलं हाये."

तेव्हा लेखापरीक्षकाचा शेरा असा : सदर सहलीत पान दोन, ओळ सात, 'समाविष्ट' या शब्दावर घेतलेला आक्षेप कायम. परंतु परीक्षकाचे स्वतःचे खाते तपासले असता त्यातही गंभीर त्रुटी आढळून आल्या. येत्या भाऊबिजेपर्यंत पूर्तता करावी. सौ.ला हे सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "आत्यांना कुठला रंग आवडतो?" मला माहीत नव्हतं. हीही त्रुटी नोंदवून घेतली.

त्या दिवशी निघताना आत्यानं नेहमीसारखी डाळीची पिशवी पुढं केली. आज घेऊ नये असं मनात फार आलं. पण तिच्या हातून पिशवी परत करणं हे त्या पाकिटापेक्षाही वाईट झालं असतं. घेतली.

घेणाऱ्याच्या नावे.